वाचक विचारतात: वेबसाइट आधी आपल्या कॉम्प्युटरवर

या वेळी सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा अशा भागातून जे प्रश्न आलेत ते बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतायत, साइट आपल्याच कॉम्प्युटरवर बनवून तपासायची कशी आणि मग होस्टिंगवर म्हणजे भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर नेताना ती बिघडते का. म्हणून या अंकात दुसरा विषय घेतलाच नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, घरच्या कॉम्प्युटरवर साइट चालली म्हणजे तुमचं काम बरोबर झालंय एवढं कळतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर ती चालेल हे मात्र त्यातून कळत नाही, ते वेगळं बघावं लागतं. खालच्या बऱ्याच उत्तरांत मी त्याच फरकाकडे येणार आहे.

प्रश्न: ताई, आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. मला त्याची वेबसाइट करायचीय, वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर थोडं शिकलोय. वडील म्हणतात आधी मला दाखव, मग पैसे घालू. होस्टिंग न घेता साइट बनवता येते का? आणि आमच्याकडं नेट सारखं जातं, त्याचं काय?
(एक वाचक, तासगाव)

उत्तर: वडिलांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि हो, एक रुपया न घालता पूर्ण साइट बनवता येते. बघा, साइट उघडते म्हणजे काय होतं, तुमचा ब्राउझर कुठल्यातरी सर्व्हरला पान मागतो आणि तो सर्व्हर पान तयार करून पाठवतो. तो सर्व्हर म्हणजे शेवटी एक कॉम्प्युटर आणि त्यावरचं सॉफ्टवेअरच, तेच सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरवर टाकलं की मागणाराही तुम्हीच आणि देणाराही तुम्हीच. झॅम्प नावाचं फुकट पॅकेज आहे, त्यात अपाची म्हणजे पानं पाठवणारा सर्व्हर, मारियाडीबी म्हणजे मजकूर साठवणारा डेटाबेस (झॅम्पच्या पॅनलवर तो मायएसक्यूएल नावानं दिसतो) आणि पीएचपी म्हणजे पान तयार करणारी भाषा, असं एकत्र येतं, वर्डप्रेसला लागतं ते सगळं त्यात आहे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाइप केलं की तो बाहेर इंटरनेटवर जातच नाही, १२७.०.०.१ या पत्त्यावर म्हणजे स्वतःच्याच मशीनवर विचारतो. त्यामुळं नेट गेलं तरी काम चालू राहतं, नेट फक्त सॉफ्टवेअर, थीम आणि प्लगइन उतरवून घेताना लागतं.

झॅम्पचं सेटिंग करायचा कंटाळा असेल तर फक्त वर्डप्रेससाठी लोकल नावाचं सॉफ्टवेअर मिळतं, तेही फुकट, त्यात नाव आणि पासवर्ड दिला की साइट उभी राहते. मी नव्या माणसाला तेच सांगते. पण झॅम्पवर एकदा हातानं डेटाबेस बनवून वर्डप्रेस जोडून बघा असंही सांगेन, कारण पुढं होस्टिंगवर काही अडलं तर फाइली कुठं असतात आणि डेटाबेस कुठं असतो हे माहीत असलेला माणूस घाबरत नाही.

आता डोमेनचं, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याचं. नाव मनात पक्कं असेल तर डोमेन आधीच घेऊन ठेवा, ते कुणी दुसऱ्यानं घेतलं तर परत मिळणं अवघड आणि वर्षाचा खर्चही फार नसतो. होस्टिंगची मात्र घाई करू नका, घेतल्या दिवसापासून त्याची मुदत सुरू होते आणि तुमची साइट बनायला दोन-तीन महिने लागले तर तेवढे पैसे वाया. आणि अजून एक मनापासून सांगते, तुमच्या साइटवर नुसता पत्ता, फोन नंबर, मालाचे फोटो आणि प्रतवारीची माहिती एवढंच येणार असेल तर वर्डप्रेसची गरजच नाही, साधी एचटीएमएलची चार पानं पुरतात, ती फाइलवर डबल क्लिक केलं तरी ब्राउझरमध्ये उघडतात, पटकन लोड होतात आणि त्यात अपडेट करायला काही नसतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते त्या पानावर ठळक लिहा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झॅम्पमध्ये अपाची सुरूच होत नाही, पोर्ट ८० वापरात आहे असं लाल अक्षरात येतं. मित्राचं तर वेगळंच, काम करताना लाइट गेली आणि आता मायएसक्यूएल 'शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' म्हणतंय. त्याचा पूर्ण प्रोजेक्ट त्यात आहे.
(एक विद्यार्थी, कराड)

उत्तर: तुझं सोपं आहे, आधी ते सांगते. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर दिलेलं दार, एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम ऐकत बसू शकतो, ८० वर दुसरं कोणीतरी आधीच बसलंय. झॅम्पच्या पॅनलवर नेटस्टॅट नावाचं बटण आहे ते दाब, ८० समोर कोण आहे ते दिसेल. पीआयडी म्हणजे प्रोग्रामचा नंबर, तो ४ दिसला तर ते विंडोजच स्वतः आहे, बहुतेक वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस चालू असते, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती बंद कर. बंद करायची नसेल तर अपाचीच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिसन ८० आहे तिथं ८०८० कर, खाली सर्व्हरनेमच्या ओळीतही तेच कर आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या पुढं कोलन देऊन ८०८० लिही, झालं.

मित्राला मात्र सांग की आधी कशालाच हात लावू नको. नेटवर लगेच सल्ला सापडतो की आयबीडेटा१ नावाची फाइल उडवा म्हणजे चालू होतं, चालू होतंही, पण त्याच्या टेबलांचा हिशोब त्या फाइलमध्येच असतो, ती गेली की डेटाबेसची नावं दिसतात आणि आतलं काही उघडत नाही. त्याऐवजी झॅम्पमधल्या मायएसक्यूएल फोल्डरमधला अख्खा डेटा फोल्डर आधी दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवायचा, म्हणजे काहीही चुकलं तरी मूळ शाबूत. मग डेटा फोल्डरचं नाव बदलून डेटा-जुना असं काहीतरी करायचं, शेजारी बॅकअप नावाचा फोल्डर असतो त्याची कॉपी काढून तिला डेटा हे नाव द्यायचं, आणि जुन्यातून फक्त आपल्या प्रोजेक्टच्या डेटाबेसचे फोल्डर आणि ती आयबीडेटा१ फाइल नव्यात आणायची. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्कीमा आणि पीएचपीमायअॅडमिन या नावांचे फोल्डर जुन्यातून आणायचे नाहीत. बऱ्याच वेळा एवढ्यानं परत येतं. नाहीच आलं तर ती कॉपी एखाद्या जाणकाराला दाखव.

हे होतं का तर डेटाबेस डिस्कवर लिहीत असताना मध्येच करंट गेला की लिहिणं अर्धवट राहतं. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून वाचतो, डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर धोका रोजचाच. तेव्हा काम संपलं की पॅनलवरून स्टॉप दाबूनच मशीन बंद करायचं, आणि रोज संध्याकाळी पीएचपीमायअॅडमिनमधून (हे झॅम्पमधलंच डेटाबेस हाताळायचं पान) एक्स्पोर्ट मारून एसक्यूएल फाइल म्हणजे डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे, प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या दिवशी त्याची किंमत कळते.

प्रश्न: साताऱ्याहून कासला जाताना आमचं छोटं होमस्टे आहे. फुलांच्या सीझनआधी साइट तयार व्हावी म्हणून लॅपटॉपवर बनवतेय, छान दिसते. पण मिस्टरांनी त्यांच्या फोनवर लोकलहोस्ट टाकलं तर साइट उघडतच नाही. वायफाय दोघांचं एकच आहे. काय चुकतंय?
(एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर: ताई, चुकत काहीच नाही. लोकलहोस्ट म्हणजे 'हेच मशीन', त्यामुळं त्यांच्या फोननं साइट स्वतःतच शोधली आणि तिथं ती नाहीच. फोनला तुमच्या लॅपटॉपचा पत्ता द्यायला हवा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग लिहा, आयपीव्ही४ समोर १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा दिसेल, तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाका आणि पुढं साइटच्या फोल्डरचं नाव. तरी उघडलं नाही तर विंडोजची फायरवॉल अडवतेय, अपाचीला प्रायव्हेट नेटवर्कवर परवानगी द्या.

इथं वर्डप्रेसवाल्यांना अजून एक अडचण येते, तुम्हालाही येणारच. पान अर्धवट उघडतं, रंग नाहीत, फोटो नाहीत, किंवा परत लोकलहोस्टलाच उडी मारतं. कारण वर्डप्रेसनं स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये लोकलहोस्ट म्हणूनच लिहून ठेवलेला असतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी होम आणि डब्ल्यूपी साइटयूआरएल अशा दोन ओळी घालून तिथं तो १९२.१६८ वाला पत्ता द्या, फोनवर बघून झालं की ओळी काढून टाका. राउटर बंद-चालू झाला की हा आकडा बदलू शकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी उघडलं नाही तर आधी तेच बघा. आणि साइटवर 'माझं लोकेशन दाखवा' असलं काही ठेवलं असेल तर ते लॅपटॉपवर चालेल आणि फोनवर या पत्त्यानं चालणार नाही, ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित मानतो पण साध्या एचटीटीपीवरच्या १९२.१६८ ला मानत नाही. ते साइट एचटीटीपीएसवर म्हणजे सुरक्षित जोडणीवर गेली की चालेल, त्यासाठी डोकं फोडत बसू नका.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगते, कारण होमस्टेच्या साइटला तेच सगळ्यात जास्त नडतं. तुमच्या लॅपटॉपवर साइट पटकन उघडते कारण फोटो तुमच्याच डिस्कवरून येतायत, मध्ये नेट नाहीच. फोनच्या कॅमेऱ्यातला फोटो चार-पाच एमबीचा असतो, असे बारा फोटो जसेच्या तसे पहिल्या पानावर लावले की पन्नास-साठ एमबीचं पान झालं. तुमचं गिऱ्हाईक कोण, तर पुण्याहून निघालेलं, गाडीत बसून राहायची सोय शोधणारं, घाटात रेंज एक काडी. तो फोटो उतरायची वाट बघत बसत नाही, सरळ मागं जातो आणि दुसऱ्याला फोन लावतो, आणि तो आला होता हे तुम्हाला कळतही नाही. म्हणून अपलोड करायच्या आधीच फोटो रुंदीला १६०० पिक्सेलपर्यंत लहान करा आणि वेबपी फॉरमॅटमध्ये ठेवा, वर्डप्रेस ५.८ पासून म्हणजे २०२१ पासून ते थेट घेतं, बहुतेक फोटो दोनशे-तीनशे केबीच्या आत बसतात आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. मग क्रोममध्ये एफ१२ दाबून नेटवर्कच्या टॅबवर जा, तिथं वेग मुद्दाम कमी करायची सोय आहे, स्लो वाला पर्याय निवडून साइट परत उघडा आणि खोलीचा दर आणि फोन नंबर किती वेळात दिसतो ते बघा. तो नंबर अगदी वर ठेवा, तो मजकूर आहे, फोटोच्या आधी येतो. नंबरवर बोट ठेवलं की थेट कॉल लागतो का हे खऱ्या फोनवरच तपासा, लॅपटॉपवरच्या मोबाइल व्ह्यूमध्ये नुसता आकार कळतो, बोट कळत नाही. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या आणि सासूबाईंच्या हातात द्या, काही न सांगता, फक्त 'दर शोधा' एवढं म्हणा आणि गप्प बसून बघा. त्या जिथं अडतील तिथं गिऱ्हाईकही अडणार.

प्रश्न: आमची मिरजेत तंतुवाद्यांची पेढी आहे. माझ्या कॉम्प्युटरवर मराठी सुंदर दिसत होतं. होस्टिंगवर टाकल्यावर सगळीकडं प्रश्नचिन्हंच आली, आणि एका पानावर तर भलतीच इंग्रजी अक्षरं.
(एक वाचक, मिरज)

उत्तर: दोन वेगळे रोग आहेत. भलतीच अक्षरं, डोक्यावर रेघा-टोप्या असलेली, दिसतायत तिथं तुमचं मराठी अजून शाबूत असतं, फक्त वाचणारा चुकीच्या पद्धतीनं वाचतोय, पानाचं आणि डेटाबेसच्या जोडणीचं एन्कोडिंग म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ-८ केली की सुधारतं. प्रश्नचिन्हं मात्र डेटाबेसमध्येच साठली असतील तर तिथलं अक्षर गेलं, ते परत येत नाही. होस्टिंगवरचा डेटाबेस लॅटिन१ मध्ये बनला असणार, त्यात देवनागरीला जागाच नाही. तो डेटाबेस काढून टाका, नवा बनवताना यूटीएफ८एमबी४ निवडा आणि घरच्या कॉम्प्युटरवरून परत एक्स्पोर्ट करून चढवा. नुसतं यूटीएफ८ पण दिसेल यादीत, मायएसक्यूएलमधलं ते जुनं यूटीएफ८ एका अक्षराला तीनच बाइट देतं, देवनागरी तेवढ्यात बसते पण इमोजीला चार लागतात, कुणी अभिप्रायात हात जोडलेला इमोजी टाकला की तिथं गडबड. म्हणून एमबी४ च. आणि मराठी असं परत चढवता यावं म्हणूनच सांगते, घरची प्रत साइट लाइव्ह झाल्यावर लगेच पुसू नका.

दुसरं, जुनी माहितीपत्रकं डीटीपीवाल्याकडून घेऊन पेस्ट केली असतील तर तपासा. श्रीलिपी किंवा कृतिदेव मधला मजकूर युनिकोड म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नसतो, तो फॉन्ट तुमच्या मशीनवर बसवलेला आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसतं, ज्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही त्याला नुसती निरर्थक अक्षरं. आणि युनिकोड असलं तरी फॉन्टचं हेच, तुमच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल असलेला फॉन्ट साइटला आयताच मिळतो आणि वाटतं सगळ्यांना असंच दिसतंय. 'मुक्त' (Mukta) नावाचा किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' सारखा मोकळ्या लायसन्सचा फॉन्ट साइटसोबतच द्या आणि ज्या कॉम्प्युटरवर तो नाही अशा दुसऱ्याच्या मशीनवर एकदा बघा. पानाची भाषा म्हणून मराठी घोषित करायला विसरू नका, काही फॉन्टांत ल आणि श ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणं येतात. सतार-तंबोऱ्याची पेढी आहे तुमची, कारागिरी दाखवायचीय, तर आपला ल आपल्यासारखा दिसू दे.

प्रश्न: सांगलीत भडंगचं दुकान आहे. लोकलवर साइट पूर्ण झाली, फाइली होस्टिंगवर चढवल्या, डेटाबेस इम्पोर्ट केला. आता होम पेज दिसतं पण लिंक दाबली की लोकलहोस्टवर जातंय, काही फोटो येत नाहीत, आतली पानं ४०४ म्हणजे 'पान सापडत नाही' असं दाखवतात.
(एक वाचक, सांगली)

उत्तर: तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत. लिंकचं म्हणाल तर जुना पत्ता डेटाबेसमध्ये शेकडो ठिकाणी लिहिलेला असतो. ऑप्शन्सच्या टेबलात साइटयूआरएल आणि होम या दोन ओळी तर आहेतच, पण लेखांमध्ये, मेनूमध्ये, फोटोंच्या लिंकमध्येही आहे. एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून फाइंड-रिप्लेस मारायचा मोह होतो, तो टाळा. वर्डप्रेस काही सेटिंग अशा पद्धतीनं साठवतं की मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते, तुम्ही पत्ता बदलला की लांबी बदलते, आकडा तोच राहतो, आणि ते सेटिंग वाचताच येत नाही म्हणून विजेट आणि थीमची मांडणी उडते. बेटर सर्च रिप्लेस हे प्लगइन घ्या, ते आकडाही सांभाळून बदलतं. त्यात आधी ड्राय रन म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी करून बघायची सोय आहे, ती वापरा.

न येणाऱ्या फोटोंची नावं बघा. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल सारखंच वाटतं, होस्टिंग बहुधा लिनक्सवर असतं आणि त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. फाइल कॅपिटल बी नं सुरू होतेय आणि तुमच्या थीममध्ये स्मॉल बी नं लिहिलंय तर घरी दिसेल, तिथं नाही. सगळी नावं स्मॉल अक्षरात, मध्ये स्पेस नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर हा प्रश्नच येत नाही.

४०४ साठी सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्सवर जाऊन काही न बदलता सेव्ह दाबा, बऱ्याचदा डॉट एचटीअॅक्सेस नावाची फाइल चढवायची राहिलेली असते, डॉटनं सुरू होते म्हणून काही ठिकाणी ती लपलेली असते, सेव्ह दाबल्यावर ती नव्यानं बनते.

हे निस्तरलं की अजून थोडं. बनवताना 'सर्च इंजिनला येऊ देऊ नका' हा चौकोन टिक केला असेल तर तो काढा, नाहीतर भडंग शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही. लोकलवर ठेवलेला सोपा पासवर्ड बदला. सर्व्हरवर राहिलेली एसक्यूएल फाइल पुसा, ती पब्लिक फोल्डरमध्ये असली तर नाव ओळखणारा कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि त्यात तुमच्या ग्राहकांचे नंबर असतात. पुढच्या वेळी साइट चढवण्याआधीच होस्टिंगवर पीएचपीची कुठली आवृत्ती आहे ते विचारून तीच घरी लावा.

प्रश्न: झॅम्पवरूनच घरच्या पीसीवरून साइट कायमची चालू ठेवली तर होस्टिंगचे पैसे वाचतील ना?
(एक वाचक, विटा)

उत्तर: नको. झॅम्प मुद्दाम मोकळं ठेवलेलं असतं, डेटाबेसच्या रूट युजरला पासवर्डसुद्धा नसतो, ते शिकायला आणि बनवायला सोयीचं आणि इंटरनेटवर उघडं ठेवायला धोक्याचं. शिवाय लाइट गेली की दुकान बंद, आणि बऱ्याच घरच्या कनेक्शनना बाहेरून पोचता येईल असा स्वतःचा आयपी मिळतही नाही.

प्रश्न: आमचं साताऱ्यात कंदी पेढ्यांचं दुकान. साइटवर ऑर्डरचा फॉर्म आणि ऑनलाइन पेमेंट ठेवलंय. लॅपटॉपवर फॉर्म भरला तर मेल येत नाही. आणि पेमेंट तपासायला प्रत्येक वेळी खरे पैसे भरायचे का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: लॅपटॉपवरून मेल न येणं हे ठीकच आहे, तिथं मेल पाठवणारा सर्व्हरच नाही. फॉर्ममधून मेल नीट बनतोय का एवढं बघायला मेलपिट नावाचं साधन आहे, ते मेल बाहेर न सोडता पकडून दाखवतं, वर सांगितलेल्या लोकल सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीच असते. नाव, पत्ता, किती किलो, सगळं मराठीत नीट येतंय का ते त्यात बघा. साइट लाइव्ह झाल्यावर मात्र एसएमटीपीनं म्हणजे मेलसाठीच्या सर्व्हरकडून मेल पाठवा आणि डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे दाखवणाऱ्या नोंदी) लावून घ्या, होस्टिंगवाल्याला सांगितलं तर तो करून देतो, नाहीतर ऑर्डरचा मेल स्पॅममध्ये जातो आणि पेढे पाठवायचे राहतात.

पेमेंटला खरे पैसे लागत नाहीत. रेझरपेसारख्या गेटवेत म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेत टेस्ट मोड असतो, त्याची किल्लीच म्हणजे साइट गेटवेला जोडायचा कोडच वेगळा असतो, रेझरपेची टेस्ट किल्ली rzp_test_ नं सुरू होते. त्यात पैसे कापले जात नाहीत. पण सगळे नुसतं पैसे भरले गेले हेच तपासतात, तुम्ही पैसे अडकलेले तपासा. पेमेंट फेल करून बघा, मध्येच मागं जा, पान बंद करा, बटण दोनदा दाबा, आणि प्रत्येक वेळी साइटवर ऑर्डर काय दाखवते ते बघा. दिवाळीत गिऱ्हाईक फोन करून 'पैसे गेले, ऑर्डर दिसत नाही' म्हणतं ते इथलंच. पैसे आल्याचा निरोप गेटवे स्वतः तुमच्या सर्व्हरला पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात, आणि तो लोकलहोस्टवर पोचूच शकत नाही कारण तुमचा लॅपटॉप बाहेरून कुणाला दिसत नाही. त्यासाठी एनग्रॉकसारख्या टनेलनं लॅपटॉपला तात्पुरता बाहेरचा पत्ता देता येतो, तपासून झालं की बंद करायचा. तेही जमत नसेल तर होस्टिंगवर सबडोमेन म्हणजे त्याच डोमेनखालचा वेगळा पत्ता काढून पासवर्ड लावून साइटची एक प्रत तिथं ठेवा आणि टेस्ट किल्लीनं सगळं परत करून बघा.

लाइव्ह करताना टेस्टची किल्ली काढून खरी लावली का ते दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या, वेबहुकचा पत्ता लाइव्ह मोडमध्ये वेगळा भरावा लागतो तोही. मग पाव किलो पेढ्यांची एक खरी ऑर्डर घरच्याच यूपीआयवरून द्या, पैसे, मेल, साइटवरची नोंद, तिन्ही जुळलं की त्याच ऑर्डरचा रिफंडही करून बघा, सणात तो कुणालातरी द्यावा लागणारच आहे आणि तेव्हा बटण शोधत बसायला वेळ नसेल.